रात्रीची गोळी

एच.आय.व्ही.च्या उपचारांविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात रक्तातील विषाणूंची संख्या, सीडी-४ पेशींचा चढउतार, गोळ्या वेळेवर घेण्याची शिस्त आणि समाजाची दूषित दृष्टी या विषयांना त्यांचे यथोचित स्थान मिळालेले आहे. परंतु ज्या औषधाने माणूस मरणाच्या दारातून परत आणला, त्याच औषधाने त्याच्या निद्रेत, स्वप्नांत आणि चित्तवृत्तीत जी खळबळ माजविली, तिची कैफियत बहुतेक वेळा त्या माणसाच्या उशाशीच राहून गेली. दक्षिण महाराष्ट्रातील एका सरकारी रुग्णालयाच्या एआरटी (एच.आय.व्ही.विरोधी औषधोपचार) केंद्रात समुपदेशक म्हणून मी रुजू झाले, तेव्हा माझे टेबल वैद्यकीय अधिकाऱ्यांची खोली आणि औषधाची खिडकी यांच्या मधोमध होते. रुग्णाने गोळ्यांची बाटली आणायची, उरलेल्या गोळ्या मी मोजायच्या, कार्डावर आकडा टाकायचा, चार प्रश्न विचारायचे आणि त्याला खिडकीकडे पाठवायचे, असा रिवाज होता. या चार प्रश्नांत झोपेचा प्रश्न नव्हता. तो पुढे रुग्णांनीच मला शिकविला.

१ एप्रिल २००४ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह देशातील आठ सरकारी रुग्णालयांत एच.आय.व्ही.ची औषधे मोफत देण्यास आरंभ झाला, आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतून केंद्रे निघाली. त्या पहिल्या काळातील औषधांचे दोष डोळ्यांना दिसत असत. स्टॅव्ह्युडिनने गाल आत जात आणि तळपायांना मुंग्या येत. झिडोव्ह्युडिनने रक्त उतरे आणि डोळ्यांची खालची पापणी ओढली की पांढुरकी दिसे. नेव्हिरापिनने अंगावर पुरळ उठे. हे दोष दाखविता येत, आणि जे दाखविता येते त्यावर इलाजही लवकर होतो. पुढील दशकाच्या आरंभीच्या वर्षांत टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि इफाव्हिरेन्झ ही तीन औषधे एकाच गोळीत आली. तिचे टीएलई हे नाव आमच्या केंद्रात अक्षरओळख नसलेल्या आजींच्याही तोंडी बसले. दिवसातून दोनदा घ्यावयाच्या गोळ्यांच्या जागी रात्री एकच गोळी, ही सोय किती मोठी होती हे ज्यांनी ऊसतोडीच्या फडात, दहा माणसांच्या खोपीत, तांदळाच्या डब्यात बाटली लपवून दिवस काढले त्यांनाच विचारावे. त्या गोळीची मी आजही कृतज्ञच आहे. तिच्याविषयी पुढे जे सांगणार आहे ते ही कृतज्ञता बाजूला ठेवून नव्हे.

गोळी रात्री घ्यावयाची, याला कारण होते. तिच्यातील ६०० मिलिग्रॅम इफाव्हिरेन्झ मेंदूपर्यंत पोहोचते. घेतल्यानंतर काही तासांनी डोके गरगरते, पाय जमिनीवर ठरत नाहीत, विचार एका जागी राहत नाही, आणि झोप लागलीच तर स्वप्ने अशी पडतात की जागे झाल्यावरही त्यांचा रंग उतरत नाही. निजण्याच्या वेळी गोळी घेतली की यातील बरेचसे झोपेत निघून जाते, असा तो हिशेब. १९९८ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली त्या वेळच्या चाचण्यांतच निम्म्याहून अधिक लोकांनी अशा तक्रारी नोंदविल्या होत्या. बहुतेकांच्या बाबतीत हा त्रास पहिल्या-दुसऱ्या दिवशी सुरू होऊन दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. पण सर्वांचाच ओसरत नाही. यकृतातील ज्या विकराने या औषधाचे विघटन होते, तो काही जणांत जन्मतःच मंदगतीचा असतो, आणि आपल्या देशातही अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. एकच गोळी घेऊन शेजारच्या माणसाच्या रक्तात जेवढे औषध राहते त्याच्या कितीतरी पट ते यांच्या रक्तात साचते. त्यात भर जेवणाची. स्निग्ध अन्नाबरोबर हे औषध अधिक प्रमाणात शोषले जाते, म्हणून ते जेवणानंतर दोन-तीन तासांनी घ्यावे असे सांगितले जाई. आणि आमच्या घरोघरी तर ‘उपाशीपोटी औषध घेऊ नये’ हा नियम लहानपणापासून अंगात मुरलेला. जत्रेच्या दिवशी मटणाचे जेवण करून लगेच गोळी घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत धरून चालतो, याचे कारण त्याच्या घरात कोणालाही सुचणे शक्य नव्हते.

अशाच एका गृहस्थांना त्यांची पत्नी केंद्रात घेऊन आली होती. चाळिशीच्या घरातले, पूर्वी दारू पिणारे, आणि औषधे सुरू करण्यापूर्वी दारू सोडण्याचे वचन देऊन ते खरोखर पाळणारे. बाईंनी खुर्चीवर बसण्याच्या आधीच तक्रार मांडली, “ताई, ह्यांनी पुन्यांदा चालू केलीया. सकाळी येत्यात ते झुलतच. शेजारचं बी म्हणत्यात.” ते खाली मान घालून बसले होते. रागाने नव्हे, तर आपल्या बाजूने बोलण्यासारखे काही उरलेच नाही अशा समजुतीने. मी विचारले, “दादा, गोळी किती वाजता घेता?” “जेवून. आठ-साडेआठला.” “आणि निजता कधी?” त्यांची नोकरी राखणदाराची होती, ते निजत नव्हते, रात्रभर दारावर बसत होते. गोळीचा सगळा अंमल त्यांच्या जागरणावर येत होता, आणि सकाळी कामावरून सुटलेला तो माणूस घराकडे येताना गावाला नशेत दिसत होता. गोळीची वेळ सकाळी, घरी येऊन निजण्याच्या आधीची ठरविली. ‘रात्रीची गोळी’ म्हणजे ज्याच्या त्याच्या निजेची गोळी, ही गोष्ट नंतर मी रात्रपाळीवाल्यांना आणि ट्रकवरच्या लोकांना आवर्जून सांगू लागले. परंतु त्या दिवशी मला अधिक समाधान वाटले ते बाईंनी निघताना त्यांच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली, याचे.

रुग्ण हे सारे आपणहून का सांगत नव्हते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तक्रार केली तर औषध बंद होईल, ही पहिली भीती. आणि ज्यांनी याच रोगाने घरातले माणूस जाताना पाहिले आहे, त्यांना औषध बंद होणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. दुसरी भीती याहून खोल. एक कलंक आधीच कपाळी आलेला, त्यावर ‘डोक्यावर परिणाम झालाय’ हा दुसरा शिक्का कोणी मागून घ्यावा? शिवाय सरकारने फुकट दिलेल्या, जीव वाचविणाऱ्या औषधाविषयी कुरकूर करणे हा कृतघ्नपणा, असा एक संकोच आमच्या गरीब माणसांत असतो, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो, कारण त्याच्या मुळाशी सज्जनपणा असतो. परिणामी बाटलीतल्या गोळ्यांचा हिशेब चोख जुळे, कार्डावर शंभर टक्के लिहिले जाई, आणि ज्याच्या नावाने ते लिहिले जाई तो माणूस पहाटे तीन वाजता अंगणात येरझाऱ्या घालीत असे.

आणि जे सोसू शकत नसत ते गुपचूप थांबवीत. हे अधिक धोक्याचे होते, कारण इफाव्हिरेन्झ शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. सोबतची दोन औषधे आधी ओसरतात आणि हे एकटे मागे राहते. एकट्या औषधापुढे विषाणूला त्याला दाद न देण्याची सवय लागण्यास अवधी मिळतो. म्हणजे ‘चार दिवस घेऊ नये, मग पुन्हा घ्यावी’ ही जी युक्ती रुग्णाला निरुपद्रवी वाटे, तीच त्याच्या पुढील उपचाराचा मार्ग अरुंद करी. म्हणूनच झोपेचा प्रश्न हा माझ्या मते ऐषारामाचा प्रश्न नव्हता. स्वप्नांविषयी विचारले नाही तर रक्ताचाही हिशेब चुकणार होता.

एका तरुण विधवेची हकीकत येथे सांगते. ओळख पटेल असे सर्व वगळून. तिला या रोगाबरोबर क्षयाचीही बाधा झाली होती. एका भेटीत तिच्या बाटलीत आठ-नऊ गोळ्या अधिक निघाल्या. मी काही विचारण्याच्या आधीच तिच्या सासूबाई बोलल्या की हिला बाहेरची बाधा आहे, देवऋषीला दाखविले आहे, त्याने अमावस्येपर्यंत इंग्रजी औषध बंद ठेवायला सांगितले आहे. सासूबाईंना मी बाहेर चहा घेण्यास पाठविले आणि तिला बोलते केले. तिचा नवरा रोज रात्री येत होता. लग्नातले कपडे घालून उंबऱ्याशी उभा राही आणि पाणी मागे. तिने घाबरून काही केले नव्हते; तिने उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या भरून ठेवण्यास आरंभ केला होता, आणि तो तांब्या पाहूनच घरच्यांना संशय आला होता. देवऋषीचे तिने पुरते ऐकले नव्हते आणि माझेही नव्हते. एका रात्री गोळी घ्यायची, एका रात्री नाही, असा तिने स्वतःचा मध्यममार्ग काढला होता.

मी तिला विचारले, दादा कधी वारले? आषाढात. आणि उंबऱ्याशी कधीपासून येतात? ती बराच वेळ आठवीत राहिली. भिंतीवरचे कालनिर्णय डोळ्यांपुढे आणल्यासारखे बोटांवर महिने मोजून तिने सांगितले, दिवाळी झाल्यावर. गोळी दिवाळीनंतरच सुरू झाली होती. मधले चार महिने, जेव्हा तिचे दुःख सर्वांत ताजे होते, तेव्हा तो आला नव्हता. आणि आताही ज्या रात्री गोळी नाही त्या रात्री येतो का? “कमी येत्यात,” ती म्हणाली. गोळी टाळली तरी औषध एका रात्रीत अंगातून जात नाही, म्हणून ते ‘कमी’ अगदी खरे होते. मी तिला सांगितले की ही बाधा नाही, वेडही नाही. या गोळीने स्वप्ने गडद होतात, आणि मनात जे असते तेच स्वप्नात येते. ती एकदम रडली नाही, की तिचा चेहराही उजळला नाही. तिने फक्त विचारले, “म्हंजे ते खरं येत न्हाईत?”

या प्रश्नाला कोणत्याही प्रशिक्षणात उत्तर दिलेले नाही. मी तिला एवढेच म्हटले की आठवण खरी आहे, आणि ती गोळीने दिलेली नाही.

वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे तिचा प्रश्न नेला तेव्हा पहिली अडचण आली ती क्षयाची. क्षयाच्या उपचारांतील रिफाम्पिसिन हे औषध नेव्हिरापिनचे रक्तातील प्रमाण उतरविते; म्हणून क्षय असलेल्या रुग्णाला इफाव्हिरेन्झच हवे, असा तेव्हाचा नियम होता, आणि तो सकारण होता. क्षयाचे सहा महिने पुरे होईपर्यंत तिला ही गोळी सोसणे भाग होते. तो काळ आम्ही तिच्याबरोबर काढला असे म्हणण्यास हरकत नाही. गोळीची वेळ जेवणापासून दूर नेली. सासूबाईंना समोर बसवून, सुनेचा रोग न उच्चारता, क्षयाच्या औषधांनी आणि अशक्तपणाने अशी स्वप्ने पडू शकतात एवढे सांगितले, जे असत्य नव्हते, कारण क्षयाच्या उपचारातील आयसोनियाझिडही क्वचित मन बिघडविते. आणि दर पंधरवड्यास तिने केंद्रात येऊन बसावे असे ठरविले. उपचार पुरे झाल्यावर तिची औषधे बदलली. पुढच्या भेटीत ती भरल्या अंगाची, झोप झालेली दिसत होती. मी विचारण्याच्या आधीच म्हणाली, “झोप लागतीया आता. पर ते येत न्हाईत.” आणि हे सांगताना तिचा आवाज जसा झाला, तो ऐकल्यापासून दुष्परिणाम नाहीसा झाला की सर्व लाभच झाला, असे मी मानीत नाही.

यातूनच माझ्या कामातील सर्वांत कठीण भागाकडे येते. समोरच्या माणसाचे दुःख गोळीचे की परिस्थितीचे, हे ओळखावे कसे? ज्याला नुकतेच निदान सांगितले आहे, ज्याचा जोडीदार गेला आहे, ज्याच्या भावाने त्याला वेगळे ताट दिले आहे, तो उदास असला तर त्यात औषधाचा दोष शोधणे ही एक प्रकारची पळवाट होईल. आणि उलट, प्रत्येक उदासीला ‘आता असं होणारच, धीर धरा’ म्हणून निरोप देणे ही त्याहून मोठी. २०१४ साली चार चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात पाच हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता, आणि इफाव्हिरेन्झ घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार वा प्रयत्न यांचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक आढळले. निरीक्षणांवर आधारलेल्या काही अभ्यासांत असा फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून मानसिक त्रास होता त्यांना वैद्य हे औषध मुळात कमी देत असावेत, असे त्याचे एक कारण सांगितले जाते. दोन्ही प्रकारच्या निष्कर्षांचा माझ्या टेबलापुरता अर्थ एकच निघत होता. गोळी देण्याच्या आधीचा माणूस कसा होता, हे कोठेतरी लिहिलेले असले पाहिजे. तो झोपत कसा होता, पूर्वी कधी मन खचले होते का, घरात कोणी जीव दिला होता का, हे आधी विचारलेले असेल तरच नंतरचा फेरफार ओळखता येतो.

आणि जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे लागते. असे विचारल्याने नसलेला विचार मनात पेरला जातो, ही समजूत शिकलेल्या लोकांतही घट्ट आहे. पण अनुभव आणि अभ्यास दोन्ही तिच्या विरुद्ध आहेत. विचारल्यावर बहुतेकांच्या चेहऱ्यावर मी सुटका पाहिली आहे. होकार देणाऱ्याला एकटे घरी पाठवायचे नाही, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे स्वतः घेऊन जायचे, विश्वासातल्या एका नातेवाइकाला बोलावून घ्यायचे, हा आमचा शिरस्ता झाला. आणि २०२२ पासून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक कार्डाच्या मागे लिहून देता येऊ लागला, कारण असले विचार केंद्राच्या वेळातच येतात असे नाही.

२०२० नंतर इफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्रेव्हिर आले. बदलाचा काळ नेमका टाळेबंदीचा. दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्या लागत, आणि समुपदेशन दूरध्वनीवर चाले. तेव्हा जे ऐकू आले त्याची मला अपेक्षा नव्हती. ज्यांनी वर्षानुवर्षे ‘काही त्रास नाही’ म्हणून सांगितले होते, त्यांचेच दूरध्वनी येऊ लागले. एक शिक्षिका म्हणाल्या की वर्गात बोलताना शब्द आता हातचा सुटत नाही. पूर्वी सुटत असे तो वय झाले म्हणून, असे त्यांनी धरले होते. एक शेतकरी काका म्हणाले, “डोस्क्यावरचं वझं उतरल्यागत झालंय.” ओझे होते हे त्यांना ते उतरल्यावर कळले. दीर्घकाळचा सौम्य त्रास माणूस स्वतःचा स्वभाव समजू लागतो, आणि ‘त्रास नाही’ या उत्तरावर विसंबून चालत नाही, हे मला या दूरध्वनींनी जितके पटविले तितके कोणत्याही पुस्तकाने पटविले नव्हते.

नवी गोळीही सर्वस्वी निर्दोष नाही. तिने काहींची झोप उडते, काहींना अस्वस्थता येते, क्वचित उदासीही. अशांना ती सकाळी घेण्यास सांगितले की पुष्कळदा भागते. वजन वाढल्याची तक्रार शहरात होते. आमच्याकडे मात्र जेथे वाळत गेलेले शरीर हीच या रोगाची जाहिरात होती, तेथे भरलेले गाल हे आईबापांना औषधाहून मोठे आश्वासन वाटते.

परंतु या गोळीने एक निराळीच खबरदारी आमच्यावर टाकली. एका तरुणाच्या रक्तातील विषाणू, गोळ्यांचा हिशेब चोख असूनही, पुन्हा दिसू लागले. मी त्याला त्याच्या पिशवीतील सर्व औषधे टेबलावर काढण्यास सांगितले, तेव्हा आमच्या बाटलीखालून एका खासगी दवाखान्याच्या गोळ्यांची पट्टी निघाली. कार्बामाझेपिन. त्याचे चित्त कधी अतिशय उत्तेजित तर कधी अतिशय खिन्न होत असे, आणि त्यासाठी तो मनोविकारतज्ज्ञांकडे नियमित जात होता, त्यांना एच.आय.व्ही.विषयी त्याने सांगितले नव्हते, आणि आम्हाला मनाच्या आजाराविषयी. कार्बामाझेपिनने डोल्युटेग्रेव्हिरचे रक्तातील प्रमाण उतरते. दोन्ही वैद्यांनी आपापल्या परीने योग्य तेच दिले होते, आणि दोन्ही कलंक त्याने एकट्याने वाहिले होते.

२०१७ च्या एच.आय.व्ही.विषयक कायद्याने रुग्णाच्या लेखी संमतीवाचून त्याची ही माहिती उघड करता येत नाही. उपचार करणाऱ्यांनी आपसांत आवश्यक तेवढे बोलण्याची सवलत त्यात आहे. तरीही त्याला विचारल्यावाचून दूरध्वनी करू नये असे वैद्यकीय अधिकाऱ्यांचे आणि माझे एकमत झाले. त्याने दोन दिवसांची मुदत मागितली, मग येऊन सही केली. त्या डॉक्टरबाई दूरध्वनीवर शांतपणे बोलल्या; त्यांनी हळूहळू त्याचे औषध बदलून सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू केले, आणि पुढच्या तपासणीत विषाणू पुन्हा मर्यादेखाली गेले. त्याचा मूळ आजार अर्थात राहिला आहे आणि त्याचे उपचार दीर्घकाळ चालणार आहेत. डॉक्टरबाईंनी आमच्याकडून अशा औषधांची यादी मागून घेतली: कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन. अधूनमधून त्यांच्या दवाखान्यातून आता दूरध्वनी येतो. रुग्णाचे नाव न घेता, अमुक औषध चालेल का, एवढेच विचारतात.